वाचकांचे प्रश्न : लस सोलापुरात, विमान मुंबईत

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे परदेश प्रवासाविषयी आहेत. 3 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिन या कोविड लसीला आपत्कालीन वापराच्या यादीत स्थान दिले आणि 8 नोव्हेंबरपासून अमेरिकेने दोन्ही डोस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दार उघडले, त्यामुळे दीड वर्ष लेकीसुनांना, नातवंडांना केवळ मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्या घरांत पुन्हा बॅगा निघू लागल्या आहेत. मी स्वतः यजमानांच्या नोकरीमुळे मस्कतमध्ये 11 वर्षे काढली असल्याने या पत्रांमागची घालमेल मला परकी नाही. खालील उत्तरे नोव्हेंबर 2021 च्या तिसऱ्या आठवड्यात लागू असलेल्या कोविडकाळातील नियमांवर आधारलेली आहेत आणि त्यांतील ‘आज’, ‘सध्या’, ‘अद्याप’ हे शब्द त्या आठवड्यापुरतेच आहेत; हे नियम पुढे बदलले. नियम पंधरा-पंधरा दिवसांनी बदलत असल्यामुळे तिकीट काढताना एकदा आणि घर सोडण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, त्या देशाच्या शासकीय संकेतस्थळावर व विमान कंपनीकडे खात्री करून घ्यावी.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिला जुलैमध्ये मुलगा झाला, पण आम्ही दोघे अजून जाऊ शकलेलो नाही. आम्ही दोघांनीही कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतले आहेत. व्हिसा दहा वर्षांचा आहे. आता आम्हांला अडवतील का? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : सर्वप्रथम नातवाबद्दल आपणा उभयतांचे अभिनंदन. अमेरिकेचा नियम असा आहे की, तेथील अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेली किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असलेली लस चालते. कोव्हॅक्सिन 3 नोव्हेंबरला या यादीत आली असल्याने आपली लस आता ग्राह्य आहे. दुसरा डोस घेऊन 14 दिवस पूर्ण झालेले असावेत, ही अट आपण केव्हाच ओलांडली असणार. लसीबाबत एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते आणि अमेरिकेतील पत्ता व फोन क्रमांक विमान कंपनीकडे नोंदवावा लागतो. ती माहिती मुलीकडून आधीच लिहून घ्या.

कोविड चाचणीची मुदत मात्र नीट समजून घ्यावी, कारण आपल्याकडे सगळीकडे 72 तासांचाच हिशेब तोंडात बसला आहे. लस घेतलेल्या प्रवाशांसाठी अमेरिका तास मोजत नाही, दिवस मोजते. विमान मंगळवारी असेल तर शनिवारी किंवा त्यानंतर केव्हाही दिलेला स्वॅब चालतो. मात्र मंगळवार कोणता, हे तिकिटावर पाहावे. मुंबईहून अमेरिकेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिकिटावरच्या ‘मंगळवारी रात्री साडेबारा’ याचा आपल्या बोलण्यातील अर्थ सोमवारी रात्री जेवणे आटोपून विमानतळावर हजर असणे, असा असतो. या एका घोळापायी लोक चोवीस तास उशिरा पोहोचल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत.

आपल्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, तो मीच करते. वहिनींचा पासपोर्ट कोणत्या नावाने आहे? आपल्याकडे आधार कार्ड सासरच्या नावाचे आणि पासपोर्ट मात्र जुन्या कागदपत्रांवरून माहेरच्या नावाचा, असे पुष्कळदा असते. लसीचे प्रमाणपत्र ज्या ओळखपत्रावर काढले असेल त्यावरचे नाव प्रमाणपत्रावर उतरते. अमेरिकेच्या प्रवासासाठी ते पासपोर्टशी जुळले पाहिजे. आधारशी जुळून उपयोग नाही. दुरुस्ती कशी करावी हे पुढे अशोक चौकातील वाचकांच्या उत्तरात सविस्तर दिले आहे, ते अवश्य वाचावे.

प्रश्न : मी दम्माममध्ये इलेक्ट्रिशियन आहे, वय 47. मार्चमध्ये सुट्टीवर घरी आलो आणि अडकलो. येथे मिळाली ती लस घेतली, ती कोव्हॅक्सिन होती. कफील (तेथील मालक) रोज फोन करतो. मित्र म्हणतो, दुसऱ्या मोबाइल नंबरवर आणि दुसऱ्या ओळखपत्रावर नव्याने नोंदणी करून कोव्हिशील्ड घे, कोणाला कळत नाही. काय करू? (नई जिंदगी परिसर, सोलापूर)

उत्तर : मित्राचा सल्ला मानू नका, ही विनंती मी अगदी कळकळीने करत आहे. घरचे हप्ते थांबलेले असताना माणूस कोणत्याही वाटेने जायला तयार होतो, हे मी आखाती देशातील वसाहतींमध्ये जवळून पाहिले आहे. म्हणून तुम्हांला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु दोन पूर्ण डोसांवर आणखी दोन डोस वेगळ्या लसीचे घेणे आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आज मंजूर नाही. शिवाय खोटी माहिती देऊन काढलेले प्रमाणपत्र ज्या पासपोर्टला जोडायचे, त्याच पासपोर्टवर तुमची पुढची सगळी नोकरी अवलंबून आहे. केरळमधील एका गृहस्थांची अडचण तंतोतंत तुमच्यासारखी आहे; सौदीत नोकरी, घेतलेली लस कोव्हॅक्सिन. त्यांनी चोरवाट न धरता उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मान्यताप्राप्त लस मिळावी अशी उघड मागणी केली.

जागतिक संघटनेने होकार दिला म्हणजे प्रत्येक देशाने होकार दिला, असा समज या पंधरवड्यात फार पसरला आहे. तो खरा नाही. जागतिक संघटना यादी करते आणि ती स्वीकारायची की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. अमेरिका त्या यादीवर चालते. ब्रिटन 22 नोव्हेंबरपासून कोव्हॅक्सिन मान्य करणार आहे, ऑस्ट्रेलियाने तर जागतिक संघटनेच्या निर्णयाच्या दोन दिवस आधीच ती मान्य केली. सौदी अरेबियाच्या यादीत मात्र फायझर, ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेका, मॉडर्ना आणि जॉन्सन अशा चारच लसी आहेत. कोव्हिशील्ड ही अॅस्ट्राझेनेकाचीच लस असल्याने ती तेथे चालते. कोव्हॅक्सिनचे नाव आज तरी त्या यादीत नाही.

मग तुमच्यापुढे मार्ग कोणता? सौदीत असतानाच दोन्ही डोस घेतलेल्यांना भारतातून थेट परतता येते. तुम्हांला ती सवलत लागू होत नाही. प्रवेश खुला असलेल्या एखाद्या तिसऱ्या देशात 14 दिवस राहून तेथून जाणे आणि सौदीत पोहोचल्यावर लस न घेतलेल्या प्रवाशासारखे स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात राहणे, हा मार्ग आहे. तो खर्चिक आहे. एजंट ‘पॅकेज’ म्हणून जी रक्कम सांगतो तिच्यात हॉटेल, जेवण, दोन्ही ठिकाणच्या चाचण्या आणि विमान रद्द झाल्यास परतावा यांपैकी काय काय धरले आहे, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कर्ज काढून जाण्यापेक्षा काही आठवडे थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण यादी बदलण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा बरीच जास्त आहे. भारतात अडकलेल्यांचे इकामे (रहिवासी परवाने) आणि परतीचे व्हिसा सौदी सरकारने 30 नोव्हेंबरपर्यंत विनाशुल्क वाढवून दिलेले आहेत. तुमची मुदत वाढली आहे का, हे कफीलाकडून आजच तपासून घ्या आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. फोनवरच्या शब्दाचा नंतर पुरावा राहत नाही.

प्रश्न : आमचे कुटुंब मूळ तेलुगू भाषक. मुलाला दुबईत नोकरी मिळाली असून व्हिसाही आला आहे. पासपोर्टवर त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण आहे. आधारवर आडनावाचे केवळ आद्याक्षर आहे आणि लसीच्या प्रमाणपत्रावरही तसेच आले आहे. जन्मतारखेच्या जागी नुसते वय लिहिले आहे. शिवाय घरातील चौघांची नोंदणी एकाच मोबाइलवर आहे. विमान शनिवारी पहाटे 4 वाजताचे आहे. चाचणी कधी करावी? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : आपल्या पत्रात सोलापूरच्या तेलुगू भाषक वस्तीच्या, जवळजवळ अर्ध्या पूर्व भागाची अडचण सामावलेली आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देते.

प्रथम नावाचा प्रश्न. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव धरायचे की नाही, आद्याक्षर पुरेसे का, या गोष्टींनी येथे शाळेच्या दाखल्यापासून रेशन कार्डापर्यंत कधी काही अडत नाही. विमानतळावरच्या काउंटरवर मात्र समोरची व्यक्ती एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात प्रमाणपत्र धरून अक्षर अक्षर ताडून पाहते. लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर ज्या मोबाइलवरून नोंदणी झाली त्यावरून लॉग-इन करावे आणि ‘रेज ॲन इश्यू’ या पर्यायात जावे. तेथे नाव, जन्मवर्ष व लिंग यांतील चूक सुधारता येते, परंतु ही दुरुस्ती एकदाच करू देतात. म्हणून पासपोर्ट उघडून समोर ठेवावा, नाव पासपोर्टवर जसे इंग्रजीत छापले आहे तसेच टंकावे, आणि ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी घरातील दुसऱ्या कोणाकडून तरी एकदा वाचून घ्यावे. एका मोबाइलवर चार जण असल्याने काही बिघडत नाही. आपण कोणाचे नाव उघडले आहे याची तेवढी खात्री करावी, कारण बापाचा पासपोर्ट क्रमांक मुलाच्या प्रमाणपत्राला जोडला गेल्याचे एक प्रकरण माझ्याकडे आले होते.

नाव दुरुस्त झाल्यावरच पासपोर्ट क्रमांक जोडावा. ही सोय जूनपासून आहे. त्यानंतर परदेश प्रवासासाठीचे वेगळे प्रमाणपत्र काढावे. त्यावर वयाऐवजी दिवस, महिना आणि वर्ष अशी पूर्ण जन्मतारीख येते. ब्रिटनने आपल्या प्रमाणपत्रांवर हरकत घेतली होती तेव्हा, सप्टेंबरच्या अखेरीस, ही सोय सुरू झाली, आणि पुष्कळांना ती अजून ठाऊक नाही.

आमच्या घरात घडलेली गोष्ट सांगते. सप्टेंबरमध्ये माझा भाचा नोकरीवर परत निघाला होता. त्याचे प्रमाणपत्र मीच तपासले होते, नावाचे स्पेलिंग दोनदा वाचले होते. केंद्रावर नोंद करताना जन्मवर्ष 1987 चे 1978 झाले होते आणि त्यामुळे वय चुकले होते, ते माझ्या नजरेतून सुटले. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिले, वरिष्ठांना बोलावले आणि त्याला बाजूला बसवले. विमान गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोलापूर स्टेशनवर उतरला तेव्हा शेंगा चटणीचे आणि कडक भाकरीचे पुडे जसेच्या तसे बॅगेत होते, आणि घरी आल्यावर त्याने ते न बोलता ओट्यावर काढून ठेवले. दुरुस्ती पुढे दोन दिवसांत झाली, पण तिकिटाचे पैसे गेले ते गेले. तेव्हापासून मी नावाआधी आकडे वाचते.

आता घड्याळाचा प्रश्न. संयुक्त अरब अमिरातीसाठी आरटीपीसीआर अहवाल 48 तासांच्या आतील लागतो आणि हे तास स्वॅब दिल्याच्या वेळेपासून मोजतात. अहवाल हातात पडल्याच्या वेळेपासून नव्हे. अहवालावर क्यूआर कोड हवा. त्याशिवाय निघण्यापूर्वी 6 तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करावी लागते. रॅपिड अँटिजेन ही वेगळी चाचणी आहे, ती येथे चालत नाही. हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमानतळापासून तासाभराच्या अंतरावर राहणारा प्रवासी असावा. आपल्याला मात्र 48 पैकी एक संपूर्ण रात्र रेल्वेला द्यावी लागते.

आपल्या मुलाचे विमान शनिवारी पहाटे 4 चे आहे, म्हणजे गुरुवारी पहाटे 4 च्या आधीचा स्वॅब बाद. बुधवारी संध्याकाळी ‘उद्या धावपळ नको’ म्हणून स्वॅब देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. गुरुवारी सकाळी 9 वाजता स्वॅब द्यावा. विमान सुटेपर्यंत 43 तास होतात. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत अहवाल देण्याची हमी प्रयोगशाळेकडून आधी घ्यावी. मिळालेल्या अहवालावरचा क्यूआर कोड तेथेच उभे राहून आपल्या मोबाइलवर स्कॅन करून पाहावा. गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाल्यास शुक्रवारी सकाळी मुंबई गाठता येते. अहवाल रात्री उशिरापर्यंत आला नाही तरी गाडी सोडू नये, तो ईमेलवर मागवून मुंबईत छापून घेता येतो. एसटीचा संप सुरू असल्याने ऐनवेळी बसने जाऊ, हा विचारही मनातून काढून टाकावा, आणि रेल्वेचे आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करावे. शुक्रवारी रात्री 10 नंतर विमानतळावरची रॅपिड पीसीआर करावी; 10 च्या आधी केल्यास तीही 6 तासांच्या बाहेर जाईल. दुबईत उतरल्यावर आणखी एक चाचणी होते. व्हिसा दुबईचा आहे की अन्य अमिरातीचा, यावर पूर्वपरवानगी कोणत्या खात्याची लागते हे ठरते, तेव्हा नोकरी देणाऱ्यांकडून त्याबाबत स्पष्ट उत्तर मिळवावे.

प्रश्न : माझी सून जर्मन नागरिक आहे आणि लग्नानंतर आमच्याकडेच राहते. तिला सोलापुरात लस मिळेल का? ईस्टरला तिला माहेरी जायचे आहे. (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : अवश्य मिळेल. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्ट हेच ओळखपत्र म्हणून वापरून कोविनवर नोंदणी करता येईल, असा निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 9 ऑगस्ट रोजी घेतलेला आहे. केंद्रावर कोणी आधारचा आग्रह धरल्यास त्यांना हे शांतपणे सांगावे; नकार बहुधा माहितीच्या अभावी दिला जातो. आधीच पासपोर्टवर नोंदणी झाल्याने नावाचा घोळही होणार नाही. सूनबाईंनी कोव्हिशील्डच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जर्मनी कोव्हिशील्ड मान्य करते, कोव्हॅक्सिन अद्याप करत नाही, आणि तेथे सध्या लस न घेतलेल्यांना उपाहारगृहांतही प्रवेश नाकारला जात आहे. 20 नोव्हेंबरला पहिला डोस घेतला तर 84 दिवसांनी, 12 फेब्रुवारीला, दुसरा घेता येईल आणि त्यानंतरचे 14 दिवस 26 फेब्रुवारीला पूर्ण होतील. पुढच्या वर्षी ईस्टर 17 एप्रिलला आहे. वेळ पुरेसा आहे, पण पहिला डोस लांबणीवर टाकू नका.

प्रश्न : मी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. 2020 च्या जानेवारीत सुट्टीसाठी आले ती परत जाऊ शकले नाही. दोन वर्षे होत आली, वर्ग मोबाइलवर चालू आहेत. एक एजंट म्हणतो, पैसे भरले तर प्रवेशाची सोय होईल. (शेळगी, सोलापूर)

उत्तर : पैसे भरू नका. चीनने 28 मार्च 2020 पासून परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला, त्यात विद्यार्थी अडकले ते आजतागायत. मार्च 2021 मध्ये चिनी दूतावासाने चिनी बनावटीची लस घेणाऱ्यांना व्हिसात सवलत जाहीर केली, पण ती लस भारतात मिळतच नाही. म्हणजे कागदोपत्री उघडलेले ते दार आपल्यासाठी बंदच राहिले. जी परवानगी देण्याचा अधिकार दूतावासाकडे आहे, ती कोणताही एजंट विकू शकत नाही.

तुमचे पत्र वाचताना मला राहून राहून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवत होते. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर 1938 मध्ये चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत तेथेच राहिला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच वारला. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच गावातल्या मुलीला तेथील रुग्णालयात पाय ठेवता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि ही अडचण तुमच्यासारख्या हजारो विद्यार्थ्यांची आहे, त्यामुळे तिचा निर्णय दोन्ही सरकारांच्या पातळीवरच व्हावा लागेल.

तोवर तुमच्या हाती असलेले काम करा. ऑनलाइन वर्गांच्या हजेरीचे तक्ते, गुणपत्रके, शुल्काच्या पावत्या आणि विद्यापीठाशी झालेला सर्व पत्रव्यवहार छापून एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. भारतात व्यवसाय करण्यासाठी परदेशी पदवीधरांना चाळणी परीक्षा द्यावीच लागते, तिचा अभ्यास आजपासून सुरू करा. एखाद्या रुग्णालयात ओळखीने निरीक्षणासाठी जाता आले तर जरूर जा; त्याची गणना अधिकृत प्रात्यक्षिकांत होईल असे मात्र धरून चालू नका. आणि दारावरून जाताना ‘अजून इथेच का?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी आईवडिलांनी घ्यावी, तिच्यावर सोडू नये, ही त्यांना माझी विनंती.

प्रश्न : मुलगा, सून व 4 वर्षांचा नातू लंडनहून जानेवारीतील गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेला येणार आहेत. नातवाची चाचणी करावी लागेल का? त्यांना घरी येऊन कोंडून घ्यावे लागेल का? (बाळे, सोलापूर)

उत्तर : 12 नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नियमांनुसार 5 वर्षांखालील मुलांना निघण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर, दोन्ही चाचण्यांतून सूट आहे, नातवाला लक्षणे असतील तर मात्र चाचणी होईल. मुलाने व सुनेने निघण्यापूर्वी 72 तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल आणि लसीचे प्रमाणपत्र ‘एअर सुविधा’ संकेतस्थळावर चढवावे. दोघांचे डोस पूर्ण असतील तर विलगीकरण नाही. 14 दिवस स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवायचे आहे. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे अद्याप बंद असून ब्रिटनशी असलेल्या ‘एअर बबल’ (दोन देशांतील मर्यादित उड्डाणांच्या) करारातील विमानेच सुरू आहेत, म्हणून तिकीट थेट विमानाचे आणि तारीख बदलता येईल असे काढावे. नातवाचा पासपोर्ट ब्रिटिश असल्यास त्याचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) तयार आहे का, हे मुलाला आजच विचारा. जन्मानंतर कोविडमुळे ते काढायचे राहून गेल्याची तीन पत्रे एकट्या या महिन्यात माझ्याकडे आली आहेत. यात्रेला यंदा किती मुभा मिळेल हे प्रशासन ठरवील. यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या) गर्दीत लहानग्याला नेण्यापेक्षा, सिद्धेश्वरांचे दर्शन एखाद्या साध्या दिवशी सकाळी, तळ्याकाठी ऊन कोवळे असताना घडवावे.